केनियातून तीन महिने बेळगावला घरी यायचंय: तयारी कुठून सुरू करावी?

प्रश्न: खानापूरकर_केनिया

सर्वांना सलाम. पश्चिम केनियात मिशनचा दवाखाना आणि मुलांचं वसतिगृह आहे, तिथं आम्ही नवरा-बायको सेवा करतो. दोघांचेही पासपोर्ट भारतीय. सोबत नऊ वर्षांची मुलगी आणि इथंच जन्मलेलं बाळ. बाळाला 12 नोव्हेंबरला नऊ महिने पूर्ण होतील. 18 नोव्हेंबरचं नैरोबी–मुंबई तिकीट बघून ठेवलंय, पैसे अजून भरलेले नाहीत. फेब्रुवारीअखेर परत जायचं आहे. घर खानापूर तालुक्यात. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी (चर्चनी) सभांसाठी विचारलंय. इथल्या एका जर्मन सहकाऱ्याला आमच्या गावच्या प्रार्थनामंदिराच्या छपरासाठी पैसे द्यायचेत, ते माझ्या खात्यावर घेतले तर चालतील का? आणि एकूण काय आधी करावं, काय नंतर?

उत्तर: कॅम्पातली_सिस्टर

दादा, 18 तारखेचं तिकीट काढू नका. केनियातून भारतात येणाऱ्याला पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागतो. सूट फक्त अगदी लहान बाळांना आहे, आणि लस नऊ महिन्यांनंतर देतात. तुमचं बाळ नेमकं या फटीत येतं. 12 तारखेला लस टोचली तरी दाखला लागू होतो दहा दिवसांनी, म्हणजे 22 ला. त्याआधी मुंबईत उतरलात तर बाळाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, आणि बाळ तिथं म्हणजे आईही तिथंच. 25 नंतरचं तिकीट बघा.

यातच आणखी एक गाठ आहे. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लसही असते. दोन्ही जिवंत लशी. त्या एकाच दिवशी द्याव्यात, नाहीतर मध्ये चार आठवड्यांचं अंतर ठेवावं. गोवराची आधी टोचून घेतली आणि आठवड्याने पिवळ्या तापाची मागितली तर नर्स परत पाठवेल. दोन्ही 12 लाच द्यायला आत्ताच सांगून ठेवा. दाखल्यावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. बॅच नंबर, सही आणि केंद्राचा शिक्का तिथल्या तिथं तपासा. तुमचे जुने दाखले आता आयुष्यभर चालतात, 2016 पासून दहा वर्षांची अट गेली.

मलेरियाचं नीट ऐका. घरी आल्यावर तीन महिन्यांत कुणालाही ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं: ‘आफ्रिकेतून आलोय.’ आपल्याकडे तापाला आधी डेंगी नाहीतर टायफॉइड धरतात. रक्ताची काच त्याच दिवशी तपासून घ्या. पहिली निगेटिव्ह आली तरी बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, अशी तीनदा. फाल्सिपेरम हा मलेरियाचा जीवघेणा प्रकार थांबत नाही. मुलगी व्हिक्टोरिया तलावात उतरली असेल तर शिस्टोसोमा या जंताची तपासणीही करा, पण शेवटचं पाण्यात उतरल्यानंतर तीन महिन्यांनी. आधी केली तर खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

परत जाताना मलेरियाच्या गोळ्यांचं वजनानुसार डॉक्टरांनाच विचारा. मेफ्लोक्विन असेल तर दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी लागते. डॉक्सिसायक्लिन आठ वर्षांखाली देत नाहीत.

उत्तर: हिशोबनीस_टिळकवाडी

छपराचे पैसे स्वतःच्या खात्यावर अजिबात घेऊ नका. सहकाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी तो परदेशी नागरिक आहे, त्यामुळे त्याची देणगी विदेशी योगदान कायद्याखाली येते. ती फक्त त्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते, तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यावर. 2020 च्या दुरुस्तीनंतर ती संस्था ही रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवूही शकत नाही. म्हणून ज्या संस्थेच्या नावावर मंदिर आहे तिचीच नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आहे का, हे आधी विचारा. नसेल तर त्याला नम्रपणे नाही सांगा. तुमची स्वतःची बचत मात्र वेगळी. भारतीय पासपोर्टधारकाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी योगदानात धरत नाहीत.

बेळगावचं जुनं बचत खातं अजून साधंच असेल तर ते एनआरओ (अनिवासी भारतीयाचं खातं) करून घ्या, हे बरेच जण करत नाहीत. करासाठी दिवस 1 एप्रिल ते 31 मार्च असे मोजतात. भेटीला आलेल्या भारतीयासाठी सहसा 182 दिवसांची मर्यादा आहे, तुम्ही तिच्या बरेच आत आहात. फक्त याच आर्थिक वर्षात आधी एखादी फेरी झाली असेल तर ते दिवसही धरा.

भारतातलं सिम रिचार्ज करून जिवंत आहे का, हे निघण्याआधी बघा. नंबर बंद पडला की बँकेचा ओटीपी येत नाही आणि मग सगळंच अडतं. रोख पाच हजार डॉलरच्या वर असेल तर विमानतळावर जाहीर करावी लागते. शिलिंग बेळगावात बदलायच्या भरवशावर आणू नका.

उत्तर: चिकोडीचा_पाळक

सभांचं सांगतो. पहिले दोन आठवडे एकही घेऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. तेवढे दिवस आई-वडिलांचे आणि झोपेचे. डिसेंबरच्या उत्तरार्धात नाताळाची गडबड असते, तेव्हा अहवाल ऐकायला कुणाचं मन नसतं. जानेवारी ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा हा खरा काळ. आठवड्याला दोन सभा, त्याहून जास्त नाहीत. आमच्याकडे तेव्हा उसाची तोड चालू असते, त्यामुळे खेड्यात संध्याकाळी साडेसातच्या आधी माणसं जमत नाहीत.

बेळगाव-खानापूरला मराठीत बोलाल. आमच्या बाजूच्या काही मंडळ्यांत कन्नड दुभाष्या लागेल. दुभाष्याबरोबर वीस मिनिटांचं भाषण चाळीस मिनिटांचं होतं, म्हणून तिथं बारा मिनिटांचंच तयार करा आणि टिपण त्याला आदल्या दिवशी द्या. शास्त्रवचनांचे संदर्भ लिहूनच द्या, म्हणजे तो आपल्या बायबलात आधी काढून ठेवील.

प्रोजेक्टर असेलच असं नाही, वीजही असेलच असं नाही. बारा बाय अठरा इंचाचे दहा फोटो छापून न्या, ते हातोहात फिरतात आणि लोक थांबून बघतात. वसतिगृहातल्या मुलांचे चेहरे आणि रुग्णांचे फोटो मात्र परवानगीशिवाय दाखवू नका, आणि मंडळीच्या व्हॉट्सअॅपवर तर टाकूच नका. ती मुलं आपल्या दानाची जाहिरात नव्हेत. अर्पण आलं तर दोघांनी तिथंच मोजून मिशनच्या नावे पावती फाडायची.

आणि मुलीला व्यासपीठावर बोलावून ‘स्वाहिलीत बोलून दाखव’ म्हणतील. आधी तिला विचारा. ती नको म्हणाली तर पाळकांना तसं आधीच कळवा. मावशा-आत्या तिच्या मराठीला हसतील, त्यांनाही घरात प्रेमाने सांगून ठेवा. लेकराला घर परकं वाटू लागलं तर पुढच्या खेपेला ते यायलाच नको म्हणतं.

उत्तर: नकुरूवाला

तिकडचं आवरणं राहिलं. ज्याच्या हाती किल्ली देणार, त्याच्या हाती सहीही द्या. बँकेत सही बदलायला वेळ लागतो, सहा आठवडे आधी अर्ज टाका. पत्रात स्पष्ट लिहा: एवढ्या रकमेपर्यंत तो एकटा खर्च करील, त्यावर अमुक माणसाला विचारील. निघण्याआधी पंधरा दिवस तुम्ही तिथं असतानाच त्याला सगळं चालवू द्या. कुठलं रजिस्टर त्याला समजलं नाही, अस्कारीचा (राखणदाराचा) पगार कोण देतो, हे तेव्हाच बाहेर येतं. नाहीतर खानापुरात रात्री अकरा वाजता फोन सुरू होतील.

घरात सोलर असेल तर पॅनल बॅटरीपासून तोडून जाऊ नका. शिसे-आम्लाची बॅटरी तीन महिने चार्जविना राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ती कायमची कमजोर होते. वापर बंद, चार्जिंग चालू, प्लेटा बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटर भरलेलं. फ्रिज रिकामा, कोरडा, दार थोडं उघडं. पन्हाळी निघण्याआधी साफ करा, कारण छोटा पाऊस डिसेंबरपर्यंत असतो. टाकीच्या तोंडाला जाळी हवीच.

बाळाचा डिपेंडंट पास (केनियात राहण्याचा परवाना) निघण्याआधी हातात हवा. केनियात जन्मलं म्हणून ते तिथलं नागरिक होत नाही, परतताना विचारतील. तुमच्या परमिटची मुदत मार्चच्या आसपास संपत असेल तर नूतनीकरणाचा अर्जही आधीच.

खानापूरकर_केनिया

सिस्टर, फार उपकार झाले, तिकीट 26 चं बघतो. सामानाचं काय? बेळगावच्या सांबरा विमानतळापर्यंत विमानाने यायचा विचार आहे.

उत्तर: नकुरूवाला

एकाच तिकिटावर बेळगावपर्यंत बुक होत असेल तरच. वेगळं तिकीट काढलंत तर मुंबईपर्यंत बऱ्याचदा माणशी दोन तेवीस किलोच्या बॅगा आणि पुढे सहसा पंधराच किलो, बाकीच्या वजनाचे पैसे काउंटरवर. तसं असेल तर मुंबईहून रात्रीची स्लीपर बस बरी. भेटीला चहा, कॉफी, किटेंगेचं कापड आणा. सोपस्टोन जड आणि ठिसूळ. शिंपले, हाड, कातडं काहीच नको. परतताना हातात प्लास्टिकची कॅरीबॅग ठेवू नका, 2017 पासून तिकडे बंदी आहे. कुंदा एवढ्या प्रवासात टिकत नाही, शेंगदाण्याची चटणी न्या.