विषय: गणपतीची खरेदी – ईशानला चार वस्तू द्याल का?

मेघना:
मंडळी, खरेदीच्या शीटमधल्या चार ओळी आमच्या ईशानच्या नावावर टाकल्यात: नारळ, सुपारी, कापूर, खडीसाखर. गुरुवारी सगळ्यांबरोबर नको, त्या गर्दीत तो कान झाकून बसेल. आम्ही मंगळवारी ओक ट्री रोडवर, आपल्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, दुकान उघडल्या उघडल्या जाऊ. फक्त मला पैसे रोख हवेत, एक-एक डॉलरच्या नोटा. नरेंद्रकाका, चाळीस मिळतील?

नरेंद्र (खजिनदार):
ईशानने जरूर करावं. रोख मात्र नाही. दिवाळीनंतर कमिटीत ठरलंय: खरेदी मंडळाच्या कार्डावर, बिल एकच. हिशेब मला द्यावा लागतो. आणि आजकाल रोख वापरतं कोण? कार्ड टॅप करायला शिकवा, एका सेकंदाचं काम.

शुभांगी:
नारळ त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून नकोत!! मागच्या वेळी निम्मे सुके निघाले. कानाशी धरून हलवायचे, पाणी खळखळलं तरच घ्यायचे.

मेघना:
काका, एका सेकंदात होतं हीच तर अडचण. टॅप केलं की त्याच्या लेखी काही गेलंच नाही. आम्ही त्याला 'वर एक' शिकवतोय. बिल सात डॉलर एकोणचाळीस सेंट झालं, तर सात नोटा मोजायच्या, वर एक ठेवायची आणि उरलेली चिल्लर परत घ्यायची. सेंट मोजत बसायचं नाही. लेबलांची बेरीज करूनही जमत नाही, कारण नारळाला टॅक्स नाही, कापराला आहे. आकडा स्क्रीनवरच वाचावा लागतो. शाळेच्या वर्कशीटवर त्याला सगळं येतं, काउंटरपुढे येत नाही. आता तो चौदाचा झाला. न्यू जर्सीत चौदापासूनच आयईपीमध्ये, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळा करते त्या वैयक्तिक शिक्षण योजनेत, शाळेनंतरच्या आयुष्याचं लिहावं लागतं, त्यामुळे घाई आहे.
शुभांगीताई, हलवून बघायची पायरी त्याच्या फोटोंच्या यादीत घालते. ती त्याला आवडेल.

सुहास:
आम्ही दादरला होतो तेव्हा मला सहाव्या वर्षी वाण्याकडे पिटाळायचे. फोटोंची यादी नाही की काही नाही. हल्ली जरा जास्तच लाड होतात असं माझं प्रामाणिक मत.

संजीवनी:
सुहासदा, तो वाणी तुम्हाला आणि तुमच्या आईला ओळखत होता, चुकलात तर उधारीच्या वहीत लिहून मोकळा. इथला कॅशियर मागच्या रांगेकडे बघत असतो.
मेघना, तीस वर्षं अशा मुलांच्या वर्गात काढलीत म्हणून आगाऊपणा करते. सगळं एकदम त्याच्यावर सोपवू नकोस. शेवटून सुरू कर. आधीचं सगळं तू करायचं, पावती घेऊन पिशवीत टाकणं त्याचं. ते पक्कं झालं की नोटा देणंही त्याचं, मग रांगेत उभं राहणं. दर वेळी काम त्याच्याच हातून पूर्ण होतं. आणि शेजारून "पैसे दे, पैसे दे" म्हणू नकोस, नाहीतर तो तुझ्या आवाजाची वाट बघायला शिकेल. थांब, मनात दहा मोज, मग नुसतं बोट दाखव. बोट मागे घेता येतं, बोलण्याची सवय सुटायला फार वेळ लागतो.
खडीसाखरेचं तेच पाकीट नसेल तर? फोटो एकाच ब्रँडचा असला की तो तिथेच अडेल. दोन पाकिटांचे फोटो लाव, खाली 'दोन्ही नसतील तर विचार'. मला खरी काळजी त्या ओळीची आहे, पैशांची नाही. पिशवी घरून ने, २०२२ पासून इथे प्लास्टिकची मिळत नाही.

सुहास:
आमचा वाणी कोणाला मोकळा सोडणारा नव्हता, आठ आणे जास्त लावायचा. असो.

नरेंद्र:
मूळ मुद्दा राहिला. चाळीस डॉलर आगाऊ देतो, एक-एकच्या नोटा बँकेतून मीच आणेन. व्हाउचर मेघनाच्या नावावर. पावती मूळ पाहिजे, फोनवरचा फोटो चालणार नाही, उरलेली चिल्लरही परत. हा पायंडा समजू नये, मंडपवाल्यांनी आत्ताच रोख मागायला सुरुवात केली आहे.

मेघना:
चालेल. पावती त्याच्याच हातून देईन, संजीवनीताई म्हणतात तसं ते पहिलं काम. सोमवारी संध्याकाळी नोटा घ्यायला येऊ?

शुभांगी:
सोमवारी नरेंद्रभाऊ आमच्याकडे आरतीच्या सरावाला आहेत, तिकडेच या. पण नारळ पाच की सात? शीटमध्ये दोन्ही आकडे आहेत.