धागा: डोळ्यांच्या डॉक्टरांची पीपीई म्हणजे निव्वळ नाटक होतं

भोचक_नाशिककर:
व्हॉट्सॲपवर एका लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंची पोस्ट फिरतेय, २०२० ला पीपीई घालून आम्ही किती सोसलं वगैरे. डोकं फिरलं वाचून. माझी पोरगी तेव्हा साडेतीन वर्षांची, तिरळेपणासाठी पट्टी चालू होती. दारातून तो पांढरा अवतार आत आला आणि तिनं जे भोकाड पसरलं ते घरी येईपर्यंत. तपासणी शून्य, फी पूर्ण! ऑपरेशनला घाला की, नंबर काढायला कशाला अंतराळवीर? कोविड काय डोळ्यातून होतो?

डॉक्टरणीचा_नवरा:
ली वेनलियांग माहितीय ना? वुहानचा, डोळ्यांचाच डॉक्टर. काचबिंदूच्या पेशंटकडून लागण झाली असं तोच म्हणाला होता, ७ फेब्रुवारी २०२० ला गेला. आता ऐका, बायको आरओपी बघते, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार. दोन किलोच्या आतली, कमी दिवसांची बाळं, जन्मल्यापासून महिन्याभरात पडदा बघावाच लागतो, लॉकडाऊन असो नाहीतर काही असो, वेळ गेली तर पडदा सुटतो आणि पोर जन्माचं आंधळं. डोक्यावर इंडायरेक्ट, म्हणजे पडदा बघायचं दिवेवालं यंत्र, त्यावर फेसशील्ड नीट बसत नाही, गॉगल लावला की मास्कमधून वाफ वर, सगळं धुकं. नाकावर मायक्रोपोरची चिकटपट्टी लावायची, रात्री काढताना सालं निघायची. नाटक म्हणे.

बिलवाले_काका:
पीपीईचं सोडा, तिच्या पैशाचं बोला! नातवाच्या डोळ्यात खडूचा कण गेला होता, १० मिनिटांचं काम, बिलात 'पीपीई चार्जेस' वेगळे. आत पाच पेशंट, किट एकच, पैसे पाच जणांकडून. ऑक्टोबर २०२० ला सरकारनं मास्कच्या किमती बांधल्या, तोवर आम्ही लुटून झालो होतो.

डॉक्टरणीचा_नवरा:
काका, बिल हॉस्पिटल लावतं. बायकोनं सुरुवातीला मास्क स्वतःच्या पैशानं आणले.

बिलवाले_काका:
मग त्या हॉस्पिटलला ती बोलली का? नाही ना. हेच ते.

ऑप्टोम_ताई:
भांडू नका हो. स्लिट लॅम्पला, म्हणजे हनुवटी टेकवून डोळा तपासायच्या यंत्राला, आम्ही जुनी एक्स-रे फिल्म धुवून पडदा लावला होता, फुकटात. पण पोरांचं काय, हनुवटी ठेवत नाहीत, पाचखालच्यांना मास्क नाही, आणि तोंडासमोर रडतात. मी शील्डवर छोटा भीमचं स्टिकर लावायचे, निम्मी गप्प बसायची. आणि आमचे सर? व्हॉल्व्हवाला एन-९५ लावून मिरवायचे, जुलैत केंद्रानं तो नको म्हणून सांगितलं तरी. त्यांचा श्वास सगळा थेट बाळावर. आम्ही बोललो तर "तुम्ही नंबर काढा".

भोचक_नाशिककर:
बघा, म्हणजे नाटकच की!

ऑप्टोम_ताई:
सरांचं. माझं नाही.

भोचक_नाशिककर:
बरं बाबा, आरओपीवाल्या वहिनींना साष्टांग नमस्कार. पण माझ्या पोरीची पट्टी त्या धसक्यानं पाच महिने लांबली, तिकडे कुणी स्टिकर लावलं नव्हतं.

डॉक्टरणीचा_नवरा:
ते चुकलंच. एवढं मान्य.

बिलवाले_काका:
आणि माझे पैसे?