लॅपटॉपचं वायफाय सारखं तुटतंय, फोनवर मात्र व्यवस्थित

खिडकीतला_बाबू: मंडळी, जरा मदत करा. घरून काम करतो, मीटिंग चालू असताना लॅपटॉपचं वायफाय मधेच गचकतं, पलीकडचे हॅलो हॅलो करत बसतात, आणि त्याच टेबलावर फोनवर व्हिडिओ मस्त चालू असतो. राउटर हॉलमध्ये, मध्ये एक भिंत. नेटवाला म्हणतो राउटर बंद करून चालू करा, ते झालंय. विंडोज ११, वायफायचा ड्रायव्हर अपडेट केलाय. फॉरमॅट मारू का? वायरलेस माउसपण हल्ली अडखळतो पण तो जुना आहे.

तारजोड्या: फॉरमॅट कशाला राव. आधी नेट जातंय की वायफाय ते बघा. कमांड प्रॉम्प्टच्या दोन विंडो उघडा, एकीत राउटरला पिंग लावा (म्हणजे हाक मारून उत्तर येतंय का बघायचं; पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१, नाहीतर राउटरखालच्या स्टिकरवर बघा) आणि दुसरीत ८.८.८.८ ला (हा बाहेरचा, गूगलचा सर्व्हर), शेवटी डॅश टी टाकलं की ते चालूच राहतं. राउटर नीट उत्तर देतोय आणि दुसरं थांबलं तर नेटवाल्याला धरा, दोन्ही थांबले तर भानगड घरातली. आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय ॲडॅप्टरला पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असेल तर वीज वाचवायची टिक काढून टाका, काही लॅपटॉपला तो टॅब नसतोच.

मिसळपाव_कमी_तिखट: राउटरच्या सेटिंगमध्ये वायफायचा चॅनल बदला. १, ६ किंवा ११.

खिडकीतला_बाबू: तो टॅब नाहीये. चॅनल बदलला, फरक शून्य. पिंगमध्ये राउटरच रिक्वेस्ट टाइम्ड आउट (उत्तर नाही) देतोय, म्हणजे नेटवाला सुटला 😀 पण रात्री पलंगावर लॅपटॉप घेऊन पिक्चर बघतो तेव्हा एकदाही तुटत नाही, हे काय गौडबंगाल?

सोल्डरकाका: टेबलावर लॅपटॉपला काय काय लावलेलं असतं? यूएसबी ३ चा हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) किंवा हार्ड डिस्क आहे का? विचारतोय कारण माउसपण अडखळतो म्हणालात. यूएसबी ३ चा डेटा ५ गिगाबिटच्या वेगाने पळतो आणि त्याचा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, जिथे तुमचं वायफाय आणि माउसचा डोंगल (यूएसबीत खोचलेला छोटा रिसीव्हर) दोघं राहतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढलाय. फोन बहुतेक ५ गिगाहर्ट्झवर असणार म्हणून त्याला पत्ताच नाही. डिस्क काढा आणि पिंग बघा.

खिडकीतला_बाबू: काका!! हब आहे, बॅकअपची डिस्क त्यालाच. डिस्क काढली की राउटरचं पिंग २-३ मिलिसेकंद, बॅकअप चालू केला की लगेच बोंब. आता डिस्क विकू की काय?

सोल्डरकाका: विकताय कशाला, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बँडना (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांना) वेगळी नावं द्या आणि लॅपटॉपला ५ वालंच जोडा. एक भिंत त्याला जड नाही, दोन-तीन असत्या तर विचार केला असता. हब लांब वायरवर ठेवा, लॅपटॉपला चिकटवून नको, आणि माउसचा डोंगल हबमधून काढून दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा. स्वस्तातल्या केबलला शील्डिंग (गोंगाट आत अडवणारं धातूचं आवरण) धड नसतं, तीपण बदलून बघा.

तारजोड्या: ५ ला चॅनल ३६ ते ४८ मधलाच ठेवा बरं का. ५२ पासून १४४ पर्यंतचे रडारसोबत वाटून घेतलेले असतात, राउटरला रडारची चाहूल लागली की तो चॅनल सोडून पळतो आणि मग परत तुटलं म्हणून इथेच याल.