वर्षाला तीन हजार रुपये: कोणत्या माध्यमांना द्यावेत?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. आमच्या घरी दोन मराठी दैनिके येतात, सासरे दूरचित्रवाणीवर बातम्या पाहतात आणि मुलगा मोबाइलवर. बातम्यांना तोटा नाही. पण त्यांतल्या कशासाठी आपण पैसे मोजतो आणि कशासाठी जाहिरातदार मोजतो, हा हिशेब आम्ही कधी मांडला नव्हता. यंदा वर्षाला सुमारे तीन हजार रुपये केवळ बातमीदारीसाठी बाजूला काढायचे असे ठरले आहे. एखादे माध्यम पाठिंबा देण्याजोगे आहे हे कशावरून ओळखावे, रक्कम एकालाच द्यावी की वाटून द्यावी, आणि घरच्या व्हॉट्सअॅप गटावर संताप आणणारी बातमी आली की तिच्यावर काही लिहिण्यापूर्वी काय पाहावे, याबद्दल अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे. ‘सगळेच विकले गेले आहेत’ हे उत्तर कृपया देऊ नये. ते आमच्या घरात रोज जेवणाबरोबर मिळते.

जुना उपसंपादक

मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत काम केलेले आहे, त्यामुळे हे उत्तर त्याच टेबलावरचे आहे असे समजावे.

माध्यमाची पारख अग्रलेखावरून करू नका. अग्रलेख पटला की पेपर चांगला वाटू लागतो आणि मग आपण बातमीला नव्हे, स्वतःच्याच मताला वर्गणी देत राहतो. त्याऐवजी आठवडाभर बातमीच्या तोंडाशी काय छापले आहे ते वाचा. ‘पीटीआय’ किंवा ‘वृत्तसंस्था’ असेल, तर तोच मजकूर इतरांकडेही आहे. नुसते ‘प्रतिनिधी’ असेल आणि आत मंत्रिमहोदयांनी व्यक्त केलेल्या विश्वासापलीकडे काही नसेल, तर ते बहुधा प्रसिद्धिपत्रक असते; कार्यालयात फक्त मथळा बदललेला असतो. उरतात त्या बातम्या, ज्यांत कोणीतरी जागेवर गेलेले दिसते: जिल्हा परिषदेच्या सभेचे इतिवृत्त मिळवलेले असते, माहिती अधिकारात आलेले उत्तर वाचलेले असते, ऊसतोड मजूर आणि मुकादम दोघांशीही बोललेले असते. पैसे द्यायचे ते अशा बातम्या सातत्याने देणाऱ्यांना, कारण सर्वांत जास्त खर्च त्यांनाच येतो आणि कात्री लागते तीही प्रथम त्यांनाच.

दैनिकाची छापील किंमत निर्मितीचा पूर्ण खर्च भागवत नाही. उरलेले ओझे जाहिरातींवर असते. जिल्ह्याच्या ठिकाणी जाहिरातदार म्हणजे सरकारी खाती, बिल्डर, शिक्षणसंस्था आणि नेत्यांचे वाढदिवस. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नाममात्र असते आणि त्याचे घर बऱ्याचदा जाहिरातीच्या कमिशनवर चालते. म्हणजे ज्या साखर कारखान्याच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाची पुरवणी त्याने मिळवायची, त्याच कारखान्याने एफआरपी (उसाचा कायद्याने ठरलेला किमान दर) थकवल्याची बातमीही त्यानेच द्यायची. ती बातमी तो कशी देणार? २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत वेगवेगळ्या नावांनी छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’तून दाखवून दिले आणि २०१० मध्ये प्रेस कौन्सिलच्या (वृत्तपत्रांवरील तक्रारी ऐकणारी वैधानिक संस्था) उपसमितीने पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, सविस्तर अहवाल लिहिला. बाहेरच्यांना धक्का बसला असेल. टेबलावर बसणाऱ्यांना बसला नाही.

मालक कोण, हे पाहायचे असेल तर शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपातली मुद्रक-प्रकाशकाची ओळ वाचा. वृत्तपत्र नोंदणीच्या १९५६ च्या नियमांनुसार फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात ‘फॉर्म ४’ हे मालकीचे निवेदन छापावे लागे आणि त्यात एक टक्क्याहून अधिक भांडवल असणाऱ्यांची नावे द्यावी लागत. ज्या कायद्याखाली ते नियम होते, त्या १८६७ च्या कायद्याची जागा आता २०२३ च्या कायद्याने घेतली आहे. पण नगर वाचनालयात जुन्या मार्च महिन्यांच्या फायली मिळाल्या, तर त्या चाळण्यासारख्या आहेत.

पोस्टाने येणारा अंक

उपसंपादक महोदयांशी बव्हंशी सहमत आहे, मात्र मतांना त्यांनी जरा जास्तच झोडपले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी साने गुरुजींनी सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक विचारप्रधान आहे, ताज्या बातम्यांसाठी ते कोणी घेत नाही. तरीही एखाद्या कायद्यावर शांतपणे लिहिलेला लेख वाचायला मिळतो, म्हणून मी त्याची वर्गणी भरतो. ग्रामीण बातमीदारीसाठी साईनाथ यांनीच २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या संकेतस्थळाचे नाव सुचवेन. तिथले बरेचसे लेखन मराठीत उपलब्ध आहे, वाचायला पैसे पडत नाहीत आणि म्हणूनच देणगीची गरज असते. जाहिराती न घेता सभासदांच्या पैशांवर चालण्याचा प्रयोग पाहायचा असेल तर ‘न्यूजलॉन्ड्री’ हे संकेतस्थळ आहे. पण ते इंग्रजी आणि हिंदीत. मराठीत त्या तोडीचे, केवळ वाचकांच्या बळावर उभे राहिलेले शोधपत्रकारितेचे माध्यम निदान माझ्या नजरेत नाही, आणि याची बरीचशी जबाबदारी फुकट पीडीएफ गटागटांतून फिरवणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांवर आहे.

मिरज जंक्शन

वाटून द्या, पण दोनच ठिकाणी. शंभर-शंभर रुपये तीस जणांना दिल्याने कोणाच्याही पगाराची सोय होत नाही.

सावकाश

तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलेच नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा तंत्राने घातली. आपली आपण घालायची आहे. बातमीत गाव, तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव आहे का, हे मी प्रथम पाहतो. चित्रफीत असेल तर तिच्यातली एखादी चौकट गूगलच्या चित्रशोधात टाकतो, कारण दर पावसाळ्यात दुसऱ्याच नदीचा जुना पूर कृष्णेच्या नावाने फिरतो. हे करायला वेळ नसेल, तर ती बातमी पुढे पाठवायलाही वेळ नाही असे समजतो.

छापील बातमी चुकीची निघाली तर गटावर शिव्या देण्यापेक्षा संपादकांना तारीख आणि पान क्रमांक देऊन पत्र लिहावे. दाद लागली नाही तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिक आणि साप्ताहिकासाठी प्रसिद्धीपासून दोन महिन्यांची मुदत असते. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताशेरे ओढू शकते किंवा समज देऊ शकते. वृत्तवाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत, हे सासरेबुवांना सांगून ठेवावे.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आठवडाभर दोन्ही दैनिके पेन्सिल घेऊन वाचली. एकात आमच्या तालुक्यातील नावानिशी केलेल्या बातम्या बऱ्याच निघाल्या, दुसऱ्यात जवळजवळ नाहीतच. तेव्हा दुसरे बंद करून पहिले चालू ठेवत आहोत. ते घरखर्चात राहील. तीन हजारांपैकी दोन हजार ‘पारी’ला आणि उरलेल्यातून ‘साधना’ची वर्गणी असे ठरले आहे. सासरे नाराज आहेत, कारण बंद झालेल्या पेपरातले शब्दकोडे त्यांना सोपे जात असे. एक शंका उरते: माझे दीर न्यू जर्सीला असतात आणि त्यांनाही ‘पारी’ला देणगी द्यायची आहे. चालेल का?

जुना उपसंपादक

त्यांचे पारपत्र भारतीय असेल आणि पैसे स्वतःच्या कमाईचे असतील, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असूनही ती विदेशी ठरते, आणि २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याने बातम्यांच्या क्षेत्रात अशी देणगी घेण्यास मनाई आहे. व्यवहार म्हणून भरलेल्या वर्गणीला तो नियम लागत नाही. तेव्हा ते अमेरिकी नागरिक असतील, तर त्यांना ‘साधना’ची वर्गणी भरायला सांगा आणि तुमचे उरलेले पैसेही ‘पारी’कडे वळवा.