ग्रीक लोकांसाठी फोनवर बोलणारी सिस्टीम कशी डिझाइन करावी?

फैजपूरवाला:
रामराम मंडळी. जळगावला इंजिनिअरिंगला आहे. चुलतभाऊ अथेन्सला शिकतो, आम्ही दोघं मिळून प्रोजेक्ट करतोय, फोनवर बोलून बसची, बोटीची माहिती मिळेल असा. बोलणं ओळखायचं सॉफ्टवेअर तयार मिळतं, पण संवाद कसा लिहायचा? इंग्रजी मेनू घेऊन ग्रीकमध्ये केला तर त्याचे मित्र मध्येच फोन ठेवून देतात.

धुळेकर:
भाऊ, भाषांतर करूच नका, संवाद ग्रीकमध्येच लिहा. पिरेआस हे बंदर, पण 'पिरेआसला' म्हणायचं झालं की शेवटचा स जातो, पिरेआ होतं. आपण नाही का चोपडा म्हणतो आणि चोपड्याला जातो, धुळे म्हणतो आणि धुळ्याहून येतो, तसंच ते. म्हणजे गावांच्या यादीत प्रत्येक नावाची सगळी रूपं पाहिजेत. माणसाच्या नावाचंही तेच, योर्गोसला हाक मारताना योर्गो, सिस्टीम योर्गोस म्हणाली की लगेच कानाला खटकतं. अनोळखी माणसाला तिकडेही आपल्या 'तुम्ही'सारखं अनेकवचन लावतात. आणि हो-नाहीच्या प्रश्नात आपल्या 'का'सारखा शब्द बहुतेकदा नसतो, नुसत्या सुरावर कळतं, म्हणून रेकॉर्डिंगचा आवाज सपाट नको.

पिलबागवाला, रावेर:
मला ग्रीक येत नाही पण फोन ठेवून देणारा मी आहे भो. बाजारभाव विचारायला एका ठिकाणी फोन लावला, म्हणे पिकाचं नाव सांगा. आमच्या आईने सांगितलं केयी, आमच्याकडे ळ चा य होतो, तर मशीन म्हणे समजले नाही, परत तेच, परत तेच, त्याच आवाजात. अरे दुसऱ्यांदा तरी प्रश्न बदला, 'केळी म्हणालात ना?' असं विचारा, तरी नाही जमलं तर माणसाला जोडून द्या. आणि आम्ही नुसतं केळी म्हणतच नाही, पिलबागचा (जुन्या खोडाच्या पिलांवरच्या केळीचा) भाव काय, नवतीचा (नव्या लागवडीच्या केळीचा) काय, असं एका दमात विचारतो, ते तुकडे करून विचारायला लावू नका.

धुळेकर:
काकांचं एकदम बरोबर. सायप्रसची ग्रीक अथेन्सपेक्षा बरीच वेगळी आहे, तिकडचे लोक फोन करणार असतील तर त्यांचे आवाज आधीच गोळा करा. कोड लिहायच्या आधी एक करा, चुलतभावाला दुसऱ्या खोलीत मशीन बनून बसवा, लोकांना फोन लावायला सांगा, परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, ते जसे बोलतात तसंच लिहून काढा.

फैजपूरवाला:
भाऊ, काका, खूप आभार. मेनू बाजूला ठेवला. रविवारी त्याच्या शेजारच्या आजींपासून सुरू करतो, त्या बोटीने बेटावर जातात नेहमी.