थकलेल्या कर्जामुळे सिक्युरिटी क्लिअरन्स अडतो का? (अमेरिका)

वळीव
नमस्कार मंडळी, एका डिफेन्स कॉन्ट्रॅक्टरची ऑफर आलीये पण सीक्रेट क्लिअरन्स (सरकारची गोपनीय माहिती हाताळायची परवानगी) मिळाला तरच. सिटिझनशिप झालेली आहे, तो प्रश्न नाही, प्रश्न पैशांचा आहे. मधे लेऑफमधे नोकरी गेली आणि दुसरी मिळायला बराच वेळ लागला, त्या काळात दोन क्रेडिट कार्डं थकली आणि शेवटी चार्ज-ऑफ झाली (बँकेने बुडीत खात्यात टाकली), शिवाय हॉस्पिटलचं एक बिल कलेक्शनला, म्हणजे वसुली एजन्सीकडे गेलंय. सगळं धरून १९,००० डॉलरच्या आसपास. आता नोकरी आहे, घर नीट चाललंय, पण हे जुनं तसंच पडून आहे. ओळखीतले एक काका म्हणतात हात लावू नकोस, सात वर्षांनी क्रेडिट रिपोर्टवरून आपोआप जातं, आत्ता भरायला गेलीस तर नसती भानगड उकरली जाईल. इकडे एसएफ-८६ (क्लिअरन्सचा फॉर्म) मधलं थकबाकी विचारणारं सेक्शन २६ वाचून माझी झोप उडालीये. किती रकमेपर्यंत चालवून घेतात? कोणाला माहिती आहे का?

तिखटमीठ
चार्ज-ऑफ आहे म्हणजे विसरा. आमच्याकडे एकाचा याहून कमी रकमेवर नाकारला होता. दुसरी नोकरी बघा.

जुना_गडी
तिखटमीठ, असं सरसकट सांगून घाबरवू नका हो. त्या माणसाने बाकी काय केलं होतं ते माहितीये का तुम्हाला?

वळीव, अमुक डॉलरच्या वर गेलात की बाद, असा आकडाच नाहीये. क्रेडिट स्कोअरचीही कटऑफ नाही. २०१७ पासून सगळ्या एजन्सींना सीड-४ (क्लिअरन्स द्यायचा की नाही ते ठरवायचा सरकारी आदेश) चे एकच १३ निकष लागू आहेत, त्यातला पैशांचा तो गाइडलाइन एफ. त्यात बघतात ते हे की कर्ज का झालं, आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत. नोकरी जाणं, अचानक आलेलं आजारपण, घटस्फोट, आयडेंटिटी थेफ्ट, ही कारणं त्यात चक्क नावानिशी लिहिलेली आहेत, म्हणजे तुमचा लेऑफ तुमच्या बाजूने आहे. पण त्याच वाक्यात पुढे असंही आहे की परिस्थितीनुसार जबाबदारीने वागलात का, आणि बहुतेकांचं घोडं इथे अडतं. नोकरी लागून बराच काळ झाला तरी बँकेला एक फोन नाही, तर मग लेऑफचं कारण किती दिवस पुरणार?

काकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. काही राज्यांत जुन्या कर्जावर थोडे पैसे भरले की कोर्टात दावा लावायची मुदत नव्याने सुरू होते, त्यामुळे भरण्याआधी आपल्या राज्याचा नियम बघा किंवा वकिलाला विचारा. रिपोर्टवरची सात वर्षं मात्र पैसे भरल्याने परत सुरू होत नाहीत. आणि क्लिअरन्सपुरतं बोलायचं तर रिपोर्टवरून गेलं म्हणजे फिटलं असं कोणी धरत नाही. डोहा, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर लोकांच्या केसेस जिथे चालतात ते ऑफिस, त्यांचे निकाल नावं काढून ऑनलाइन टाकलेले असतात. चार वाचा. मुदत संपली म्हणून गप्प बसलो, हा बचाव तिथे चालत नाही हे पटकन कळतं.

सगळं फेडून झालंच पाहिजे असंही नाही. झेपेल असा प्लॅन आणि त्याप्रमाणे खरंच भरलेले हप्ते दिसले पाहिजेत. नॉन-प्रॉफिट क्रेडिट काउन्सेलरकडे जा, पण ते 'आम्ही सेटल करतो, तुम्ही सगळे हप्ते बंद करा' वाले असतात ना, त्यांच्यापासून लांब राहा. बँकेशी कमी रकमेवर सेटल झालं तरी चालतं, फक्त लेखी पत्र घ्या आणि १०९९-सी (कर्ज माफ झाल्याचा टॅक्सचा फॉर्म) आला तर माफ झालेली रक्कम टॅक्समधे दाखवायची की नाही ते विचारून घ्या, नाहीतर कार्डाचं फेडाल आणि आयआरएसचं (टॅक्स खात्याचं) थकवाल, ते जास्त वाईट दिसतं.

आणि फॉर्मवर सगळं लिहा, सगळं म्हणजे सगळं. लपवलंत तर ती केस पैशांची राहतच नाही, गाइडलाइन ई (प्रामाणिकपणाचा निकष) लागते, वर मुद्दाम खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे.

सासुरवाशीण
यात एक भर. सेक्शन २६ मधे तुम्ही को-साइनर किंवा गॅरंटर असलेली कर्जंही धरायची असतात, हे आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. माझ्या नवऱ्याने भारतात दिराच्या गृहकर्जाला गॅरंटर म्हणून सही केली होती आणि तिकडे हप्ते थकले होते. इथल्या क्रेडिट रिपोर्टवर त्याचा मागमूस नाही तरी यांनी ते लिहिलं, बँकेचं स्टेटमेंट आणि दिरांचे नंतर भरलेल्या हप्त्यांचे कागद जोडले. इंटरव्ह्यूत इन्व्हेस्टिगेटरने त्यावर बराच वेळ विचारलं, पण क्लिअरन्स मिळाला. घरच्यांना कागद पाठवायला लावणं हेच सगळ्यात अवघड काम होतं म्हणा!

वळीव
खूप आभार, जरा जीवात जीव आला. हॉस्पिटलचं बिल ५०० डॉलरच्या आतलं आहे आणि आत्ता काढलेल्या रिपोर्टवर दिसतच नाहीये. ते लिहायचं का? आणि मी सगळ्यात मोठ्या कार्डापासून सुरुवात करू की लहानापासून?

जुना_गडी
लिहायचं. २०२३ पासून क्रेडिट ब्युरो ५०० डॉलरच्या आतली मेडिकल कलेक्शन दाखवत नाहीत म्हणून दिसत नाहीये, पण फॉर्म विचारतो की गेल्या सात वर्षांत काही कलेक्शनला गेलं का, आणि ते गेलंय. हे तर याच महिन्यात भरून टाका आणि पावती ठेवा. मग लहान कार्ड, मग मोठं, म्हणजे फॉर्म भरेपर्यंत एक-दोन खाती बंद झालेली दाखवता येतील. मोठ्या कार्डाचा मालक आता कोण आहे ते आधी लेखी मागा, ही कर्जं विकली जातात आणि भलत्यालाच पैसे जातात.

जे करायचं ते आत्ता. एकदा स्टेटमेंट ऑफ रीझन्स (क्लिअरन्स का अडतोय त्याच्या कारणांची नोटीस) हातात पडलं की उत्तराला २० दिवस मिळतात, आणि ते आल्यावर घाईने भरलेल्या पैशांना डोहाचे जज फारसं वजन देत नाहीत. इंटरिम (तात्पुरता) क्लिअरन्स नाही मिळाला तर खचू नका, तो अंतिम नकार नसतो. आणि मिळाल्यावरही हप्ते चुकवू नका, हल्ली कंटिन्युअस व्हेटिंग (सतत चालू असलेली तपासणी) आहे, नवीन थकबाकी झाली की त्यांना आपोआप कळतं.

तिखटमीठ
बरं बाबा, माघार. आमच्या त्या माणसाने टॅक्स रिटर्नच भरले नव्हते, आत्ता विचारलं त्याला.