'इगो'ला मराठीत काय म्हणावं? (सोलापूरकरांच्या गटातली चर्चा; नावं सदस्यांनी घेतलेली)

विडी घरकुल: विडी कामगार बायकांच्या गटासाठी समुपदेशनाचं एक इंग्रजी पत्रक मराठीत करतेय. 'स्वतःला आहोत तसं स्वीकारलं की अहंकार शांत होतो, जगण्याला हेतू सापडतो,' असं वाचून दाखवलं. एक मावशी म्हणाल्या, "आमाला कसला आलाय अहंकार? चारचौघीत तोंड उघडायला भ्या वाटतंय." मूळ पत्रकात ते भ्यासुद्धा 'इगो'तच धरलंय, म्हणजे लोक मला काय म्हणतील हेच सारखं डोक्यात असणं. शब्द सुचवा.

बाळीवेस: अहंकारच बरोबर आहे. सांख्य दर्शनात महत्‌, म्हणजे बुद्धी, त्यानंतरचं तत्त्व अहंकार, त्यात गर्वाचा संबंध नाही. ओंकार तसा अहंकार, 'मी' असा उच्चार. अर्थ आपण बिघडवला, शब्द का टाकायचा?

पार्क चौक: मावशींना सांख्य शिकवणार का? फ्रॉइडने १९२३ च्या पुस्तकात साधा जर्मन 'मी' वापरला होता. लॅटिन 'इगो' इंग्रजी भाषांतरकारांनी आणला. आपण सरळ 'मीपणा' म्हणावं.

बाळीवेस: मीपणा म्हणजेही तोराच की!

मंगळवेढ्याची ज्वारी: नाव सोडा, क्रियापद बघा. आपल्यात ताठा मोडतात, मस्ती जिरवतात, सगळं दुसऱ्यानं करायचं. आजी म्हणायची, "मन निवळू दे, मग बोल." गढूळ पाणी ढवळायचं थांबवलं की आपोआप निवळतं. 'मी निवळणे' लिहा.

विडी घरकुल: निवळणे फार आवडलं. आता 'आत्मस्वीकार'चं काय करू? फार कोरडा वाटतो.

पार्क चौक: पत्करणे. 'स्वतःला पत्करलं.'

बाळीवेस: पत्करतात ती जोखीम नाहीतर शरणागती! माणूस पत्करत नाहीत.

होटगी रोड: हेतूसाठी 'कायक' घ्या. सिद्धरामेश्वरांच्या गावात दुसरा शब्द कशाला शोधायलाव? शून्यसंपादने या शरणांच्या संवादांच्या कन्नड ग्रंथात संत अल्लमप्रभू सोन्नलिगेला, म्हणजे जुन्या सोलापुरात येतात, तळं खोदणाऱ्यांना विचारतात, तुमचा वड्ड (मातीकाम करणारा) रामय्या कुठंय? सिद्धरामांना असं हिणवलं म्हणून लोक दगड घेऊन धावतात. एवढं मोठं पुण्यकाम चाललेलं, पण 'मी करतोय' तेवढं शिल्लक होतं. माझ्या मते इगो कळायला याहून चांगली गोष्ट नाही.

बाळीवेस: कायक कन्नड आहे.

होटगी रोड: मूळ संस्कृत काय, शरीर. आणि कन्नड असलं तर काय झालं ओ? आमच्या घरात आई कन्नड, शेजार तेलुगू, शाळा मराठी. गड्ड्याच्या जत्रेत कोण भाषा विचारतंय?

पार्क चौक: कायक म्हणजे हेतू नव्हे पण. अंगमेहनतीचं, प्रामाणिक काम.

होटगी रोड: मग विड्या वळणं काय आहे?

मंगळवेढ्याची ज्वारी: थांबा. पोटासाठी, मजुरीवर केलेल्या कामाला कायक म्हणून गोड करू नका. मजुरी वाढली पाहिजे, ते आधी.

होटगी रोड: कायकात दासोहही येतो, मिळवलेलं वाटून खाणं. मजुरीचा प्रश्न त्यात बुडत नाही, उलट…

बाळीवेस: 'वड्ड' की 'ओड्ड'? आधी ते ठरवा. मराठी वडार त्यावरूनच आला असं माझं मत आहे.